वणव्यानंतरची शाळा : ऑस्ट्रेलियांतील अनुभव व शिक्षणनिधीची घडण

शेताला आग लागली म्हणजे पंचनामा होतो. गोठा किती खणांचा, कडबा किती, जनावरें किती, पाइप व तुषारसंच किती, याची नोंद होते व खालीं पंचांच्या सह्या पडतात. त्या घरांतील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेंत जाईनासा झाला, ही नोंद मात्र कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. कारण तो जळालेला नसतो, उलट घरास त्या वेळीं त्याचा मोठाच आधार वाटत असतो. हा लेख त्या मुलाविषयीं आणि त्याच्या वर्गांतील मुलीविषयीं आहे. उदाहरण ऑस्ट्रेलियाचें घेतलें आहे. त्या देशांत वणवा ही नेहमींची आपत्ति असून तिची चौकशी पिढ्यानुपिढ्या झालेली आहे, आणि तिच्यांतून सांवरणाऱ्या मुलांस पैसा कसा पुरवावा व कसा पुरवूं नये, याचे दोन्ही धडे तेथें पाहावयास मिळतात.

तेथील रानांत निलगिरीच्या जातीचीं झाडें फार. आपल्याकडे बांधावर लावलेली निलगिरी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तिच्या पानांतील तेलाचा वास ठाऊक आहेच. हीं तेलकट पानें, झाडाखालीं सांचलेला पालापाचोळा आणि खोडावरून लोंबणारीं सालपटें उन्हाळ्यांत वाळून कोळ होतात. पेटलेलें सालपट वाऱ्यावर उडून कित्येक किलोमीटर पुढें पडतें व तेथें नवी आग धरते; म्हणून ओढ्याचा किंवा रस्त्याचा अडसर तिला पुरत नाहीं. तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असा असतो आणि शाळेचें नवें वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतें. वणव्याचा हंगाम व शाळेचा आरंभ हे असे एकमेकांच्या अंगावर पडतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

७ फेब्रुवारी २००९ हा दिवस तिकडे ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशीं मेलबर्न शहरांत ४६.४ अंश सेल्सियस उष्णतामान नोंदलें गेलें. व्हिक्टोरिया राज्यांतील त्या वणव्यांत १७३ माणसें मेलीं, दोन हजारांहून अधिक घरें जळालीं. मेरिसव्हिल, स्ट्रॅथ्यूएन व मिडल किंगलेक येथील प्राथमिक शाळा भस्मसात झाल्या. वार शनिवार होता म्हणून मुलें शाळेंत नव्हतीं. पुढें २०१९-२० च्या उन्हाळ्यांत याहून पसरट आपत्ति आली. त्या वर्षाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाच्या अहवालाप्रमाणें २.४ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र होरपळलें. हें क्षेत्र महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त भरतें. आगींत प्रत्यक्ष ३३ माणसें मृत्यु पावलीं व तीन हजारांहून अधिक घरें गेलीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें न्यू साउथ वेल्स राज्यांत बारावीची परीक्षा चालू असतांनाच आगी भडकल्या आणि १२ नोव्हेंबरला धोक्याच्या इशाऱ्यामुळें सहाशेंहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उन्हाळा सरला नाहीं तोंच मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीनें शाळांस पुन्हां टाळीं लागलीं.

आंकडे इतकेच पुरेत. शेतकऱ्याच्या घरांत याचा अर्थ काय होतो, तें पाहूं.

न्यू साउथ वेल्समधील बॅटलो हें गांव सफरचंदांसाठीं प्रसिद्ध आहे. जानेवारी २०२० च्या आरंभीं तेथें आग शिरली व फळबागांचें नुकसान झालें. ज्या वाचकांची आंबा, संत्रा किंवा डाळिंबाची बाग आहे त्यांस हें वेगळें समजावून सांगावयास नको. जळालेलें गव्हाचें शेत पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां पेरतां येतें. जळालेली बाग नव्यानें लावून भरघोस फळावर येईपर्यंत चार-पांच वर्षें सहज जातात. आणि घरांतील मुलगी जर त्या वेळीं नववी-दहावींत असेल, तर तिची शाळा, तिची बारावी व पुढील शिक्षणाचीं पहिलीं दोन-तीन वर्षें नेमकीं याच काळांत पडतात. म्हणजे बाग जितकीं वर्षें कांहीं देत नाहीं, तितकींच वर्षें मुलीचें शिक्षण सर्वांत अधिक पैसा मागतें. मदतीचा पैसा मात्र पहिल्या सहा महिन्यांत येऊन संपलेला असतो.

मेंढ्या पाळणाऱ्याची स्थिति निराळी, पण सोपी नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील कांगारू बेटाचा जवळजवळ निम्मा भाग त्याच उन्हाळ्यांत जळाला व हजारों मेंढ्या मेल्या. उरलेल्या मेंढ्यांस चारा नाहीं, आणि त्यांस आवरून धरावयास कुंपण नाहीं. लांकडी खांब व तारा यांचीं मैलोगणती कुंपणें पुन्हां उभीं करावयाचीं, मेलेलीं जनावरें पुरावयाचीं, चारा उतरून घ्यावयाचा. मजूर मिळत नाहींत, मिळाले तर परवडत नाहींत. तेव्हां घरांतील जो धडधाकट मुलगा असेल तो कामाला लागतो. त्यास कोणी शाळा सोड म्हणत नाहीं; तोच आपण होऊन म्हणतो, “एवढा एक महिना जाऊं दे.” आपल्याकडे अवर्षणांत थोरल्या मुलाची शाळा ज्या शब्दांनीं सुटते तेच हे शब्द होत.

फटका केव्हां बसतो

सर्वसाधारण समजूत अशी कीं, मूल घाबरलें असेल तर आगीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तें दिसेल, आणि त्या वेळीं तें हंसत-खेळत असेल तर चिंता नाहीं. ही समजूत चुकीची ठरली आहे. १६ फेब्रुवारी १९८३ रोजीं व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत मोठा वणवा होऊन ७५ माणसें दगावलीं. त्यानंतर अलेक्झांडर मॅकफार्लेन या मनोविकारतज्ज्ञानें दक्षिण ऑस्ट्रेलियांतील जळीतग्रस्त भागांतील ८०८ शाळकरी मुलांची दुसऱ्या, आठव्या व सव्विसाव्या महिन्यांत अशी तीन वेळां पाहणी केली. दुसऱ्या महिन्यांत त्या मुलांत त्रासाचीं लक्षणें आगीपासून दूर राहिलेल्या मुलांपेक्षां कमीच आढळलीं. आठव्या महिन्यांत तीं वाढलीं, आणि सव्विसाव्या महिन्यांतही उतरलीं नाहींत. दुसरी गोष्ट याहून विचार करण्यासारखी. मुलानें आग किती जवळून पाहिली, यापेक्षां त्याच्या आईची मनःस्थिति पुढें कशी राहिली यावरून मुलाच्या त्रासाचा अंदाज अधिक बरोबर येत होता. घर सांवरलें तर मूल सांवरतें, हें आपल्या आज्या सांगत. येथें तें मोजून दिसलें.

अभ्यासावरील परिणाम मोजण्याचें काम मेलबर्न विद्यापीठांतील लिसा गिब्स व त्यांचे सहकारी यांनीं केलें व तें २०१९ मध्यें प्रसिद्ध झालें. तिकडे तिसरी व पांचवी या इयत्तांत साऱ्या देशांतील मुलांची एकच परीक्षा घेतात. काळ्या शनिवारानंतर दोन ते चार वर्षांच्या काळांतील २४,६४२ मुलांचे गुण घेऊन, शाळा आगीनें फार पोळलेली, मध्यम पोळलेली कीं थोडी पोळलेली, यावरून त्यांची तुलना करण्यांत आली. तिसरीपासून पांचवीपर्यंत मुलानें जितकी मजल मारावी अशी अपेक्षा असते, तितकी मजल जास्त पोळलेल्या शाळांतील मुलांनीं वाचन व गणित या दोन विषयांत मारली नाहीं.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ नीट लक्षांत घ्यावा. गांव पुन्हां उभें राहिलें, रस्ते झाले, मंत्री येऊन फीत कापून गेले, आणि त्यानंतर मुलाचें गणित कच्चें निघालें. त्या वेळीं शिक्षकास, बापास व स्वतः मुलासही वाटतें कीं हा मुळांतच मठ्ठ आहे. आगीचा व त्याचा संबंध कोणी जोडीत नाहीं. ज्या निधीची मुदत बारा महिन्यांची, तो निधि या मुलापर्यंत पोंचणेंच शक्य नाहीं. मदत तीन ते पांच वर्षांच्या हिशेबानें ठेवावी, असें माझें मत बनलें आहे तें यावरून.

पैसा कोठें अडतो

वाचक विचारतील कीं, श्रीमंत देश तो. तेथें शिक्षणाचा पैसा सरकार देत नाहीं काय? कांहीं अंशीं देतें. १९८९ पासून तेथील विद्यापीठांत अशी रीति आहे कीं, विद्यार्थ्याचा फीचा वांटा सरकार कर्जरूपानें भरतें, आणि पुढें त्याची मिळकत ठराविक मर्यादेपलीकडे गेली म्हणजे करांबरोबर तें हप्त्यानें वसूल करतें. त्यामुळें फीवांचून खेड्यांतील मुलाचें अडतें असें नाहीं. अडतें तें दुसरीकडे. विद्यापीठ शेंकडों किलोमीटरवर. तेथील खोलीचें भाडें, आगाऊ अनामत, जेवणखाण, जाण्यायेण्याचा खर्च, पुस्तकें व संगणक हा सारा पैसा रोख लागतो, तोही पहिला दिवस उजाडण्यापूर्वीं. सुतारकाम, वीजकाम किंवा यंत्रदुरुस्ती शिकावयाची तर तिकडे उमेदवारीची पद्धति आहे. मुलगा कारागिराच्या हाताखालीं पगारावर राहतो व ठराविक दिवस ‘टेफ’ नांवाच्या सरकारी धंदेशिक्षणाच्या संस्थेंत, म्हणजे आपल्या आय्.टी.आय्. सारख्या ठिकाणीं, शिकावयास जातो. हें शिक्षण बहुधा तीन-चार वर्षें चालतें. पगार आरंभीं बेताचा. हत्यारें, जाड तळाचे बूट व कामावर जाण्यासाठीं गाडी यांची सोय बहुतेक त्यानेंच पाहावयाची. शेतावरील हत्यारांची कोठी जळाली असेल तर बापाचा रंधा व करवतही मुलाच्या हातीं येत नाहीं.

अशा खर्चांस सरकारी खात्यांत सहसा शीर्षक नसतें. जानेवारी २०२० मध्यें तेथील मध्यवर्ती सरकारनें आपत्तिसाह्य म्हणून प्रत्येक प्रौढास १,००० डॉलर व प्रत्येक मुलास ४०० डॉलर दिले, आणि शाळा सुरू होण्याच्या सुमारास मुलामागें आणखी ४०० डॉलरांची भर घातली. गणवेश, बूट, दप्तर यांस ती रक्कम उपयोगी पडली व ती वेळेवर जाहीर झाली, हें मान्य केलें पाहिजे. आग विझविण्यास गेलेल्या स्वयंसेवकांची मजुरी बुडाली म्हणून दिवसास ३०० पर्यंत, एकूण ६,००० डॉलरपर्यंत भरपाईही ठरविण्यांत आली. परंतु ज्याची मजुरी बुडाली त्याच्यासाठीं ही भरपाई. ज्या विद्यार्थ्याचे दिवस बुडाले त्याच्या दिवसांस मजुरीचा भाव नसतो.

सहानुभूति कमी पडली असें मुळींच नाहीं. काळ्या शनिवारानंतर लोकांनीं ३७ कोटी डॉलरांहून अधिक वर्गणी दिली. त्याशिवाय जुने कपडे, खेळणीं व भांडीं इतकीं आलीं कीं, सुमारे ४०,००० पॅलेट माल सांठवावा लागला व त्याच्या गोदामांचा आणि वाहतुकीचा खर्च हाच एक नवा बोजा झाला. खेळणें देतांना देणाऱ्यास मुलाचा चेहरा दिसतो. खोलीच्या भाड्याची पावती भरतांना तसा कोणताच चेहरा दिसत नाहीं. आपण सर्व याच मातीचे आहोंत, म्हणून यांत दुसऱ्यास नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं.

दानपत्रांतील शब्द

निधि उभारणाऱ्या प्रत्येक सोसायटीनें पाठ करावी अशी एक गोष्ट २०२० मध्यें घडली. सेलेस्ट बार्बर या विनोदी नटीनें जानेवारींत फेसबुकवरून वर्गणीचें आवाहन केलें. उद्दिष्ट होतें ३०,००० डॉलरांचें. जमा झाले ५ कोटी १० लाखांहून अधिक. देणाऱ्यांपैकीं पुष्कळांस वाटत होतें कीं, हा पैसा घरें जळालेल्या कुटुंबांस, इतर राज्यांतील लोकांस, होरपळलेल्या प्राण्यांस, असा सर्वत्र जाईल. स्वतः बाईंनींही तसें बोलून दाखविलें होतें. परंतु आवाहनांत पैसे घेणारा म्हणून नांव होतें तें न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशामक दलाच्या देणगी निधीचें. त्या निधीचें विश्वस्तपत्र पूर्वींच झालेलें, आणि त्यांत हेतु लिहिलेला होता तो दलाच्या तुकड्यांचीं साधनें, प्रशिक्षण व तत्संबंधीं खर्च एवढाच. प्रकरण त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. मे २०२० मध्यें न्यायमूर्ति मायकेल स्लॅटरी यांनीं निर्णय दिला कीं, देणाऱ्यांच्या मनांत कांहींही असो, विश्वस्त बांधलेले आहेत ते पत्रांतील शब्दांस. जखमी स्वयंसेवकांस व कामावर मृत्यु पावलेल्यांच्या कुटुंबांस साह्य करणें त्या शब्दांत बसतें, असें न्यायालयानें मानलें. आगींत सर्वस्व गेलेल्या इतर कुटुंबांस किंवा दुसऱ्या संस्थांस देणें त्यांत बसलें नाहीं.

कोणी अफरातफर केली नाहीं, कोणी खोटें बोललें नाहीं. केवळ हेतूचा परिच्छेद अरुंद होता. सर्वसाधारण सभेंत टाळ्यांच्या गजरांत “आपद्ग्रस्तांसाठीं” म्हणून ठराव पास करणाऱ्यांनीं त्या ठरावांत “शिक्षण” हा शब्द आहे कीं नाहीं, तें पाहून ठेवावें. नसेल तर पांच वर्षांनीं हिशेब तपासनीस त्या मुलाच्या भाड्यावर आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप बरोबरच असेल.

बोरोव्याची रीति

आतां जें चांगलें वाटलें तें सांगतों. न्यू साउथ वेल्समध्यें बोरोवा नांवाचें लोंकर व गहू पिकविणाऱ्या मुलखांतील एक लहान गांव आहे. तेथें निक बर्टन टेलर यांच्या पुढाकारानें १९९३ मध्यें गांवच्या मुलांसाठीं एक शिक्षणनिधि सुरू झाला. वणव्याशीं त्याचा आरंभीं संबंध नव्हता. कल्पना साधी होती: गांवकऱ्यांनीं आपसांत पैसा जमवावा, गांवांतल्याच माणसांची समिति असावी, आणि शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींस पुढील पायरीसाठीं मदत करावी. ती पायरी विद्यापीठच असली पाहिजे असा आग्रह नाहीं. टेफ, उमेदवारी, धंद्याचें प्रशिक्षण, कांहींही चालतें. हळूहळू इतर गांवांनीं तीच रीति उचलली आणि त्यांतून ‘कंट्री एज्युकेशन फाउंडेशन’ ही देशव्यापी संस्था झाली. गांवोगांवच्या समित्या आपापला पैसा आपणच जमवितात. मध्यवर्ती संस्था हिशेब, कायदा व विद्यापीठांशीं बोलणीं यांचा भार उचलते.

यांतील मला पटलेला भाग रकमेचा नाहीं. रकमा लहानच असतात. भाग आहे तो माणसें ओळखण्याचा. शहरांतील कचेरींत अर्ज जातो तेव्हां तेथील कारकुनास जळालेल्या घराचा दाखला, गुणपत्रक व मिळकतीचा पुरावा लागतो; आणि ज्याचें घर जळालें त्याच्याजवळ नेमके हेच कागद नसतात. गांवच्या समितींत शाळेच्या मुख्याध्यापिका, दुकानदार व शेजारचा शेतकरी बसलेले असतात. कोणाची मुलगी हुशार असून अर्ज करण्यास लाजते, कोणाच्या मुलास पुस्तकांपेक्षां पान्हा अधिक मानवतो, हें त्यांस विचारावें लागत नाहीं. आणि मूल शहरांत गेल्यावर त्याची विचारपूस करणारें कोणी गांवांत आहे, ही गोष्टही त्यास धरून ठेवते. या रीतीचा एक दोषही सांगितला पाहिजे. ओळखीबरोबर वशिला येतो. ज्या घराचें समितींतील कोणाशीं वांकडें, त्या घराचें मूल मागें पडूं शकतें. म्हणून समितीचा एक सभासद बाहेरगांवचा असावा व सभासदांच्या मुदतीस मर्यादा असावी.

दुसरें उदाहरण शिक्षणनिधीचें नव्हे, कुंपणाचें आहे. तरी तें येथें घेतों. काळ्या शनिवारीं किल्मोर ईस्ट येथील केव्हिन व ऱ्होंडा बटलर या मेंढपाळ दांपत्याचें कुंपण जळालें. शेजाऱ्यांनीं व ओळखीच्यांनीं येऊन तें उभें करून दिलें. तेव्हां त्यांस वाटलें कीं, हेंच इतरांचेंही करून द्यावें. आणि त्यांतून ‘ब्लेझएड’ ही स्वयंसेवकांची संस्था निघाली. आपत्तीच्या गांवीं तळ ठोकून हे लोक, त्यांत बरेच निवृत्त गृहस्थ व बाया, शेतकऱ्यांचीं कुंपणें फुकट बांधून देतात. २०१९-२० नंतरही त्यांनीं असे तळ दिले. वरवर पाहतां याचा शाळेशीं संबंध नाहीं. परंतु मघां सांगितलेला तो “एक महिना जाऊं दे” म्हणणारा मुलगा आठवा. परक्या माणसांनीं येऊन कुंपण बांधलें, तर त्यास घरीं राहण्याचें कारण उरत नाहीं. शिष्यवृत्ति देऊनही जो मुलगा शाळेंत गेला नसता, तो येथें एक छदामही हातांत न घेतां शाळेंत जातो. शिक्षणास मदत करावयाची तर आधीं मुलाच्या हातांतील काम काढून घ्यावें लागतें, हें बटलर यांच्या मनांत होतें कीं नाहीं कोण जाणे. घडतें मात्र तसें.

स्ट्रॅथ्यूएनच्या शाळेचाही उल्लेख केला पाहिजे. ती जळून गेली, पुन्हां बांधली गेली, आणि पुढें तेथील वरच्या वर्गांतील मुलांस स्थानिक अग्निशामक तुकडीच्या मदतीनें वणव्याचें शास्त्र शिकविण्यांत येऊं लागलें: वारा कसा फिरतो, चढावर आग कां धांवते, घराभोंवतीं काय साफ ठेवावें. जिची भीति वाटते तिच्यावर पाठ घेणें हें धाडसाचें होतें. पण माहिती असलेलें मूल घरच्यांस सांगूं लागतें, आणि तुकडीला पुढचे स्वयंसेवकही तेथूनच मिळतात.

आपल्या सोसायटीसाठीं

आपल्याकडे निलगिरीचे वणवे नाहींत. पण उसाचा फड, कडब्याच्या गंजी व गवताळ डोंगर पेटतात, महापूर व गारपीट तर आहेतच. शिक्षणासाठीं गांवानें पदर पसरण्याची चालही आपणांस नवी नाहीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें काले येथें रयत शिक्षण संस्था काढली ती रयतेच्याच धान्यावर व ‘कमवा आणि शिका’ या रीतीवर वाढली. तेव्हां प्रश्न आहे तो फक्त नियमांचा.

प्रथम हेतूचा परिच्छेद. तो असा असावा असें सुचवितों: “सभासदांच्या व गांवांतील इतर शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील पंचवीस वर्षांखालील मुलामुलींस, आग, पूर, अवर्षण, गारपीट किंवा तत्सम आपत्तीनंतर पांच वर्षांपर्यंत, शालेय, उच्च किंवा धंदेशिक्षण तसेंच उमेदवारी यांसाठीं फी, निवास, भोजन, प्रवास, पुस्तकें, हत्यारें, उपचार व तदनुषंगिक खर्चास साह्य करणें.” शेतमजूर हा शब्द मीं मुद्दाम घातला आहे. फड जळाला तर मालकास विमा असूं शकतो. ज्याची तोड बुडाली त्याच्या मुलाचें नांव कोणत्याही पंचनाम्यांत नसतें. निधि सोसायटीच्या पोटनियमांतच ठेवावा कीं वेगळा सार्वजनिक न्यास करून तो १९५० च्या कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा, हें वकिलास विचारून ठरवावें. एकदां नोंदल्यावर हेतु बदलणें जिकिरीचें असतें, म्हणून घाई करूं नये.

रक्कम किती लागेल, याचा एक काल्पनिक हिशेब देतों. पांचशें सभासदांनीं वर्षास दोनशें रुपये दिले तर एक लाख होतात. आठ वर्षांत व्याज न धरतां आठ लाख. समजा, आपत्तींत बारा घरांस झळ बसली व त्यांत शिकणारीं नऊ मुलें आहेत. प्रत्येकास वर्षास पंचवीस हजार याप्रमाणें तीन वर्षें द्यावयाचे तर ६,७५,००० रुपये लागतात. सव्वा लाख शिल्लक राहतो, तो चौथ्या वर्षीं ज्याचें गणित कच्चें निघेल त्याच्या शिकवणीसाठीं ठेवावा. आपत्ति आली नाहीं तर व्याजांतून दरसाल एका-दोघांस उमेदवारीचीं हत्यारें घेऊन द्यावीं. निधि निजवून ठेवला तर त्यावर दुसऱ्यांचे डोळे जातात.

कर्ज द्यावें कीं देणगी, यावर मतभेद होईल. मी देणगीच्या बाजूचा आहें. ज्या घरावर आधींच पीककर्जाचा बोजा आहे, तेथें मुलाच्या नांवें आणखी एक खातें उघडलें तर तें खातें पाहूनच मुलगा शिक्षण सोडतो. पुढें कमावता झाल्यावर कोणी आपखुशीनें परत केलें तर घ्यावें, मागूं नये.

पैसा हप्त्यानें द्यावा, पण पहिला हप्ता वर्ग सुरू होण्यापूर्वीं द्यावा. जळालेले दाखले मागूं नयेत. शाळेच्या पटावरील नोंद व दोन सभासदांची सही पुरेशी मानावी. लाभार्थ्यांचीं नांवें अहवालांत छापूं नयेत, फलकावर लिहूं नयेत, आणि धनादेश देतांना छायाचित्र तर मुळींच काढूं नये; सतरा वर्षांच्या मुलास मदतीपेक्षां मिंधेपण लवकर समजतें. आपत्तीनंतरच्या प्रत्येक जूनमध्यें मुख्याध्यापकांकडून एक यादी मागवावी: कोण येईनासा झाला, कोणाचे गुण अचानक उतरले, कोण शाळेंत येतो पण डबा आणीत नाहीं. अर्जाची वाट पाहत बसण्यापेक्षां त्या यादीवरून समितीनें आपण होऊन घरीं जावें. आणि ज्या घरीं काम अडलें म्हणून मूल राहिलें असेल, तेथें पैशाआधीं चार सभासदांनीं दोन दिवस श्रमदानास जावें.

पोटनियमांतील बदलास सर्वसाधारण सभेची संमति लागते. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वीं भरते. ज्या सोसायट्यांस हा विषय यंदा घ्यावयाचा असेल त्यांनीं मसुदा ऑगस्टमध्येंच तयार करून, तो सभेच्या सूचनेबरोबर प्रत्येक सभासदाच्या हातीं पडेल अशी व्यवस्था करावी.